पाणी अडवा, गाळा, मग जिरवा: चुनखडीवर संसार थाटणाऱ्यांसाठी

"काकू, बूडाच्या पश्चिमेला एक एकराचा तुकडा आणि घर मिळतंय. पाणी विहिरीचं आहे म्हणे. घ्यावं का?"

टेक्सासमधल्या ऑस्टिनला आणि आसपासच्या बूडासारख्या गावांत नव्याने आलेल्या मुलामुलींचे असे फोन मला वर्षाला चार-पाच तरी येतात. मी काही भूगर्भतज्ज्ञ नाही. दिवसभर संगणकापुढे बसून कोड लिहिणारी बाई. पण २००८ पासून हेज काउंटीत, चुनखडीच्या डोक्यावर, स्वतःच्या बोअरवर आणि स्वतःच्या सेप्टिक टाकीवर संसार केलाय. चुका भरपूर केल्या, त्या निस्तरताना शिकले. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून ठेवते.

आधी आपलं दख्खनी डोकं बाजूला ठेवा. मी सासवडची. आमच्याकडे विहीर पाडायची म्हणजे आधी पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ धरून शेतभर फिरायचा, आणि नारळ उभा राहिला की सगळे गप्प. खाली माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाणी त्यातून सावकाश उतरायचं आणि उतरता उतरता गाळून निघायचं. शाळेच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' रंगवलेलं होतं, आणि ते आमच्या जमिनीसाठी शंभर टक्के खरं होतं. पाणी जिरवणं हेच तर अवघड काम.

इथे उलटं आहे. वीतभर माती, आणि तिच्याखाली सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेली चुनखडी. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आंबट होतं, आणि चुनखडी विरघळते. भेगेची नळी होते, नळीचं भुयार होतं. १९६३ साली जॉर्जटाउनजवळ आय-३५ महामार्गाच्या पुलासाठी खडक तपासताना ड्रिल एकदम पोकळीत गेलं. खाली अख्खी गुहा होती. आज तिथे तिकीट काढून लोक बघायला जातात. तर अशा जमिनीला पाणी पाजावं लागत नाही, ती आपणहून गिळते. पाण्याबरोबर गाडीचं गळलेलं तेल, कुत्र्याची घाण, लॉनवरचं खतही गिळते, आणि वाटेत गाळायला काही नसतं.

हे मला पटलं ते एका कोळशाच्या पुरचुंडीमुळे. आमच्या भागातल्या भूजल संवर्धन जिल्ह्याची माणसं (कलेक्टरचा जिल्हा नव्हे, इथे भूजलासाठी वेगळे जिल्हे असतात, आमचा १९८७ साली झाला) ओढ्यातल्या भोकांत रंग सोडून तो कुठे निघतो ते बघत होती. त्यांनी आमच्या विहिरीच्या नळाला कोळशाच्या बारीक तुकड्यांची एक छोटी जाळीची पिशवी लावली. रंग डोळ्यांना दिसला नाही तरी कोळसा तो धरून ठेवतो. मी विचारलं, "किती महिन्यांनी न्यायला याल?" तो तरुण हसला. "महिने कसले, बाई? दिवस मोजतो आम्ही." अशा चाचण्यांत ऑस्टिनच्या दक्षिणेला ओढ्यात सोडलेला रंग काही मैल तोडून काही दिवसांत बार्टन स्प्रिंग्जच्या झऱ्यात उगवलेला आहे. सासवडला जे पाणी उतरायला ऋतू घेतं, ते इथे शनिवारी निघून बुधवारी पोहोचतं.

घर घेण्याआधी

आपला तुकडा कोणत्या पट्ट्यात येतो ते बघा. एडवर्ड्स जलधराचे, म्हणजे आमच्याखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या चुनखडीच्या थराचे, ढोबळ तीन पट्टे आहेत. वरच्या अंगाला पाणलोटाचा पट्टा: इथला पाऊस ओढ्यांतून खाली वाहत येतो. मग भरणपट्टा: इथे चुनखडी उघडी पडलेली, भेगाळलेली, आणि ओढे तिच्यावरून जाताना आटतात. पूर्वेला दाबाखालचा पट्टा: तिथे चुनखडीवर मातीचे, शेलचे थर आहेत आणि पाणी खाली कोंडलेलं आहे. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नकाशावर पत्ता टाकला की पट्टा कळतो. नकाशा बघायचा कंटाळा असेल तर पाऊस पडून दोन-चार दिवस झाल्यावर अनियन क्रीकच्या कडेने गाडी घेऊन जा. वरच्या अंगाला ड्रिफ्टवुड गावाजवळ ओढा खळाळता दिसेल आणि बूडाकडे येता येता नुसते पांढरे गोटे उरलेले दिसतील. मधलं पाणी कुणी प्यालं? तुमच्या होऊ घातलेल्या विहिरीनं.

भरणपट्ट्यात घर घेऊ नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः तिथेच राहते. पण तिथे घर घेणं म्हणजे गावाच्या पाणवठ्यावर घर बांधणं, एवढं लक्षात ठेवून घ्या.

विकणाऱ्याला हे विचारा: बोअर किती फूट, पंप किती फुटांवर सोडलाय, स्थिर पाणीपातळी किती, केसिंग आणि त्याभोवतीचा सिमेंटचा बूच कुठपर्यंत, पाणी शेवटचं कधी तपासलं. विकणारा गोड हसून "उत्तम पाणी आहे" म्हणेल. त्यावर जाऊ नका. बोअर पाडणाऱ्याने भरलेला अहवाल टेक्सास वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतो. फार जुन्या बोअरचा नाही मिळाला, तर तीच एक माहिती समजा. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. २०११ च्या दुष्काळात, ऑगस्टमध्ये, शॉवरखाली उभी असताना नळातून आधी फुर्र आवाज आला आणि मग नुसती हवा. पाणी पंपाच्या खाली गेलं होतं. पंप आणखी खाली सोडायला आलेला माणूस मला म्हणाला, पन्नास फुटांवरच्या शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून तुमच्याला असेलच असं नाही. चुनखडीत एक बोअर भुयारात घुसतं आणि दुसरं निव्वळ दगडात. पाणाड्यालाही इथे घाम फुटला असता.

आणखी एक विचारा: आवारात जुनी, बंद पडलेली विहीर आहे का? असेल तर ती थेट जलधरात उघडणारी नळी आहे. टेक्सासमध्ये ती रीतसर बुजवायची जबाबदारी जमीनमालकाची असते, म्हणजे सही केली की तुमची. बुजवण्याचा खर्च सौद्यातच वळता करून घ्या. नंतर कुणी देत नाही.

आवारातलं भोक

चुनखडीचं आवार पहिल्या वर्षी पायी हिंडून बघायचं असतं. पाऊस चालू असताना छत्री घेऊन हिंडलात तर उत्तम. पाणी कुठे भोवरा करून खाली जातं? गोल खळगा कुठे आहे, त्यात माती भुसभुशीत आहे का? उन्हाळ्यात एखाद्या भेगेतून गार हवा येते का? एखाद्याच जागी फर्न आणि शेवाळं टवटवीत का? ही सगळी तोंडं. इंग्रजीत त्यांना सिंकहोल, स्वॅलेट वगैरे वेगवेगळी नावं आहेत. मी सरसकट 'भोक' म्हणते.

आमच्या आवारात सीडरच्या झुडपांमागे असं एक आहे. शेजारचे आजोबा जन्मभर इथेच शेळ्या-मेंढ्या पाळलेले. पहिल्याच भेटीत ते सांगून गेले, की त्यांच्या वडिलांच्या काळात त्या भोकात तारेची भेंडोळी, फुटके डबे, मेलेली शेळीसुद्धा टाकत. "तेव्हा वाटायचं, जमिनीत गेलं म्हणजे गेलं." आणि त्यांची विहीर भोकापासून दगड फेकण्याच्या अंतरावर! आमच्याही पूर्वीच्या मालकाने त्यात काँक्रीट ओतायचा प्रयत्न केलेला दिसत होता. अर्धवट. बाजूने पाण्याने नवी वाट काढलीच होती.

भोकाचं काय करायचं, तर शक्यतो काही नाही. बुजवू नका. बुजवलं तर पाणी दुसरीकडून खचवतं, कधी तुमच्या पायाखाली. खोल खणूही नका, कारण या काळोखात डोळे नसलेले कोळी आणि किडे राहतात आणि त्यांतले काही कायद्याने संरक्षित आहेत. कचरा असेल तर भूजल जिल्ह्याला किंवा शहराच्या पाणलोट विभागाला विचारून हाताने काढा. भोकाभोवती आम्ही पन्नास फूट गवत मोकाट वाढू दिलंय. त्या वर्तुळात फवारणी नाही, खत नाही, गाडी नाही, कुत्रा नाही. उंच गवत हीच गाळणी. वरून येणाऱ्या उतारावर दगडांची बुटकी ओळ रचली आहे, आपल्या शेतातल्या दगडी तालीसारखी, म्हणजे पाणी थबकतं आणि गाळ वरच टाकतं.

बांधकाम चालू असताना खाली पोकळी लागली तर काम थांबवून राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. कंत्राटदार कुरकुर करेल, "दोन गाड्या काँक्रीट, विषय संपला" म्हणेल. संपत नाही.

पागोळ्या

माझी आजी पावसाळ्यात अंगणात पागोळ्यांखाली पातेली मांडायची. पण पहिल्या सरीला कधीच नाही. पहिल्या सरीत कौलांवरची धूळ, पाखरांची घाण, पानं सगळं येतं. ते वाहून गेलं, पाण्याचा रंग निवळला, की मग पातेली. आज मला कुणी चुनखडीवरच्या पाण्याचं सगळं शास्त्र एका ओळीत विचारलं तर मी आजीचं हेच सांगेन, कारण इथलं प्रत्येक शहाणपण शेवटी त्यावरच येतं.

आमच्या छपराची टाकी अशी: छप्पर सुमारे २,००० चौरस फूट. १ इंच पाऊस १,००० चौरस फुटांवर पडला तर हिशोबाने ६०० गॅलनच्या आसपास पाणी होतं, म्हणजे आमच्याकडे इंचाला १,२०० गॅलन. उडालेलं, सांडलेलं वजा जाता हजार धरते. ऑस्टिनला वर्षाला सरासरी ३४-३५ इंच पाऊस होतो, पुरंदरच्या आमच्या भागापेक्षा नक्कीच जास्त, पण तो कधी पडेल याचा नेम नाही: दोन महिने ठणठणीत आणि मग एका रात्रीत पाच इंच. म्हणून टाकी सरासरीवर नाही, कोरड्या आठवड्यांच्या गरजेवर ठरवायची. आम्ही आधी २,५०० गॅलनची घेतली, ती दोन-अडीच इंचांत भरून वाहायची आणि जुलैत रिकामी. आता १०,००० ची आहे.

टाकीआधी पहिल्या सरीचा पाइप हवाच. एक उभा पाइप, खाली बारीक छिद्राचं झाकण. पहिलं पाणी त्यात भरतं, मग आतला चेंडू तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीत. दर १०० चौरस फुटांना एक ते दोन गॅलन इतकं पहिलं पाणी सोडून द्या, म्हणजे २,००० फुटांच्या छपराला २० ते ४० गॅलन. जानेवारीत सीडरचा पराग उडतो तेव्हा मी चाळिसापर्यंत जाते. तो पिवळा धूर छपरावर बसलेला दिसतो आणि आमच्या नाकांतही. सोडलेलं पाणी वाटेल तिथे वाहू देऊ नका, झाडांच्या आळ्यात घ्या. खालचं झाकण महिन्यातून एकदा उघडून साफ करा. मी दोन पावसाळी महिने विसरले आणि मग आत जे काही निघालं त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसांसमोर करता येणार नाही.

टाकीचं पाणी आम्ही बाग, कपडे धुणं आणि पायखान्याला वापरतो. प्यायला वापरायचं तर बारीक गाळणी आणि अतिनील दिवा लागेल. पावसाच्या पाण्याचा नळ आणि विहिरीचा नळ एकमेकांना कधीही जोडू नका, आणि दोन्ही पाइपांना वेगळा रंग द्या. तूरडाळीसाठी मात्र मी टाकीतलं गाळून उकळलेलं पाणी वापरते, हे कबूल करते. चुनखडीचं पाणी एवढं जड, की कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येते आणि चहावर साय नसताना सायीसारखा तवंग.

एचओए म्हणजे आपल्या सोसायटीचं मंडळ, पण अंगणातल्या गवताच्या उंचीवरही लक्ष ठेवणारं. आमच्या मंडळाने आधी टाकीला नाही म्हटलं. टेक्सासच्या कायद्यानुसार त्यांना पावसाच्या पाण्याच्या टाकीवर सरसकट बंदी घालता येत नाही. जागा, रंग, आडोसा याबद्दल अटी घालता येतात. मी कायद्याचं कलम छापून नेलं, सोबत चकल्याही नेल्या. टाकी गडद हिरवी झाली आणि पुढच्या बाजूला वेल चढवायला लागला, एवढंच.

लॉन, गाडी, कुत्रा

लॉनबद्दल माझं मत टोकाचं आहे. सेंट ऑगस्टीन गवत इथे लावणं म्हणजे दुष्काळी तालुक्यात ऊस. काढून टाका, निदान अर्धं. बफेलो गवत, स्थानिक झुडपं, लाइव्ह ओकच्या सावलीत नुसती पानगळ. एक वर्ष ओसाड दिसतं, नंतर ब्लूबॉनेटच्या मार्चमध्ये शेजारी फोटो काढायला येतात. आम्ही पहिली तीन वर्षं एका लॉनवाल्या कंपनीकडून खत-फवारणी करून घेतली. एका एप्रिलमध्ये त्यांचा माणूस ढग भरून आलेले असताना दाणेदार खत टाकून गेला, संध्याकाळी तीन इंच कोसळला. सकाळी गाडीरस्त्याच्या कडेला एक दाणा उरला नव्हता. सगळं कुठे गेलं ते मला सीडरमागच्या उतारावरून स्पष्ट दिसत होतं. त्या उन्हाळ्यात विहिरीतलं नायट्रेट तपासलं. मर्यादेच्या आत होतं (नायट्रोजन म्हणून लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा), पण आदल्या खेपेपेक्षा वर. कंपनी बंद केली. आता फक्त कंपोस्ट, तेही शरद ऋतूत पातळ थर.

गाडीरस्त्याला दर दोन-तीन वर्षांनी काळं 'सीलर' मारायची इथे हौस आहे. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑस्टिनच्या ओढ्यांच्या गाळात कर्करोगाशी जोडली जाणारी पीएएच नावाची रसायनं सापडली. एवढी आली कुठून? शोध घेत घेत शहराचे आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ वाहनतळांवर पोहोचले: कोळशाच्या डांबराचा लेप टायरांखाली झिजून धूळ होत होता आणि पावसाबरोबर ओढ्यात येत होता. २००६ पासून ऑस्टिनमध्ये त्याच्यावर बंदी आली, देशात पहिली. पण तुम्ही शहराच्या हद्दीबाहेर असाल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'कोल टार' दिसलं की परत ठेवा. मी तर म्हणते, लेपच नको. गाडीरस्ता खडीचा असेल तर खडीचाच राहू द्या. पाणी त्यातून उतरताना थोडं तरी अडखळतं.

गाडी धुवायची तर धुण्याच्या केंद्रावर. पोहण्याच्या तलावाचं क्लोरीनचं पाणी ओढ्यात सोडू नका. कुत्र्याची घाण पिशवीत उचला, झुडपात भिरकावू नका.

सेप्टिक आणि विहीर

सेप्टिकबद्दल थोडक्यात. भरणपट्ट्यात नव्या सेप्टिकसाठी निदान एक एकराचा तुकडा लागतो, आणि त्यामागचं कारण आता तुम्हाला कळलंच असेल. दर तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसा. सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करून फवारणारी 'एरोबिक' यंत्रणा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या संपू देऊ नका. पाणी मऊ करणारं यंत्र बसवणार असाल तर गरजेपुरतंच मीठ वापरणारं घ्या, घड्याळ लावून रोज रात्री मीठ ओतणारं नको. मटणाची तर्री, तुपाची बेरी, तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. दिवाळीनंतर सेप्टिकवाल्यांचे फोन आपल्याकडूनच का वाढतात याचं उत्तर कढईत आहे.

विहिरीचं पाणी वर्षातून एकदा जिवाणू आणि नायट्रेटसाठी तपासा. मोठ्या पुरानंतर लगेच. ३१ ऑक्टोबर २०१३ ला अनियन क्रीकला जो पूर आला, त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या नळाला गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी आलं. बेसॉल्टमधल्या विहिरीवर वाढलेली मी, मला वाटलं पाइप गंजला. पाणी तपासलं तर कोलिफॉर्म जिवाणू निघाले. विहिरीत क्लोरीन घालून, रात्रभर ठेवून, सगळे नळ सोडून धुऊन काढावं लागलं (ते क्लोरीनचं पाणी सेप्टिकमध्ये किंवा ओढ्यात नाही, खडीवर पसरून), आणि पुन्हा तपासणी शुद्ध येईपर्यंत उकळलेलं पाणी. तेव्हापासून विहिरीच्या तोंडाला घट्ट रबरी झाकण आहे, चबुतरा जमिनीपेक्षा फूटभर उंच आहे.

क्युसेक वाचायला शिका

हा भाग लोक गाळतात, म्हणून जरा लांबवते. आपण मराठी माणसं पावसाळ्यात क्युसेक खातो आणि पितो. 'खडकवासल्यातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग' ही बातमी ऐकतच मोठे झालो. इथेही तेच माप आहे (सेकंदाला एक घनफूट पाणी), फक्त आकडे बारीक. बार्टन स्प्रिंग्जचा दीर्घकालीन सरासरी प्रवाह सुमारे ५३ क्युसेक. खडकवासल्यापुढे ही तोटी, पण त्या तोटीवर शहराचा जीव आहे. उन्हाळ्यात सगळं ऑस्टिन त्या २०-२१ अंशांच्या पाण्यात डुंबायला येतं, आणि त्याच पाण्यात एक इवलासा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) राहतो. १९९७ साली तो संकटग्रस्त यादीत गेला. झऱ्याचा प्रवाह ३८ क्युसेकखाली गेला की आमच्या जिल्ह्यात दुष्काळाचा इशारा लागतो, २० खाली गेला की गंभीर टप्पा. परवानेवाल्या मोठ्या विहिरींना तेव्हा उपसा कापावा लागतो. माझ्यासारख्या घरगुती विहिरीला परवाना लागत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की आपल्याला काय. मी मात्र ३८ ला बागेचा विहिरीचा नळ बंद करते आणि २० ला पाहुण्यांनाही बादलीने अंघोळ सांगते. आतेभाऊ ह्यूस्टनहून आला की कुरकुरतो. सासवडला वाढलेला माणूस, बादलीला नावं ठेवतो!

सॅन अँटोनिओकडे राहत असाल तर जे-१७ नावाच्या विहिरीची पातळी बघा. तिथे हवामानाच्या बातम्यांतच ती सांगतात. ती समुद्रसपाटीपासून ६६० फूट उंचीच्या खाली उतरली की निर्बंधांचा पहिला टप्पा, मग ६५०, ६४०. हे कशासाठी, ते समजायला थोडा इतिहास लागतो. १९०४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. रेल्वे कंपनीने मोठी विहीर खणून दिवसाला २५,००० गॅलन उपसलं आणि शेजाऱ्याची घरगुती विहीर आटली. न्यायालय म्हणालं, जमिनीखालचं पाणी कसं चालतं ते इतकं गूढ आहे की त्याला नियम लावता येत नाही. ज्याच्या जमिनीतून निघालं त्याचं. 'माझ्या रानात माझं बोअर, तू कोण विचारणारा' हे आपल्याला काही नवीन नाही. १९५६ च्या दुष्काळात न्यू ब्राउनफेल्सचा कोमल झरा काही महिने पूर्ण थांबला. १९९१ मध्ये सॅन अँटोनिओजवळ मासे पाळायला एका माणसाने एकच प्रचंड बोअर घेतलं आणि ते दिवसाला कोट्यवधी गॅलन ओढायला लागलं, कायदेशीरपणे. शेवटी झऱ्यातल्या संकटग्रस्त जिवांच्या नावाने खटला झाला, आणि १९९३ च्या कायद्याने एडवर्ड्स जलधर प्राधिकरण आलं. उपशाला वर्षाची मर्यादा आली, आणि २००७ मध्ये ती ५,७२,००० एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) ठरली. माणसांनी एकमेकांसाठी जे केलं नाही ते झऱ्यातल्या चिमुकल्या माशांनी आणि सॅलमँडरांनी करवून घेतलं.

सॅन अँटोनिओने नंतर दोन कामं मला आवडतील अशी केली. २०००मध्ये नागरिकांनी मतदान करून विक्रीकरात डॉलरला एक अष्टमांश सेंट वाढवून घेतला आणि त्या पैशातून भरणपट्ट्यातली जमीन, किंवा तिच्यावर बांधकाम न करण्याचे हक्क, विकत घेतले. आणि २००४ पासून ओल्या वर्षांत एडवर्ड्सचं जादा पाणी दक्षिणेकडच्या वाळूच्या थरात भरून ठेवतात, कोरड्या वर्षी तेच उपसतात. जमिनीखालची कणगी.

मंडळाच्या बैठकीला जा

कंटाळवाणं असतं, तरी जा. ऑस्टिनने १९९२ साली मतदानाने नियम करून घेतला, की बार्टन स्प्रिंग्जच्या पाणलोटात नव्या बांधकामाने जमिनीचा फक्त १५ ते २५ टक्के भाग काँक्रीट-छपराखाली झाकायचा. पण नियम पाळला जातोय का ते कुणीतरी बघावं लागतं. तुमच्या वसाहतीत कुंपण घातलेलं, तळाला वाळू असलेलं एक कोरडं तळं असेल. ती शोभा नव्हे. रस्त्यावरचं पाणी गाळायची गाळणी आहे. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ते रिकामं व्हायला हवं. आमचं आठवडाभर तुंबलेलं असायचं आणि मंडळ डास मारायचं औषध मागवायचं! वाळूवर बोटभर गाळ बसला होता. वरची वाळू काढून नवी घातली, कडेचं गवत कापलं, आणि पुढच्या पावसाला तळं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडं. वर्षातून दोनदा हे तपासायचं काम आता माझ्याकडे आहे. कागदावर माझं पद 'लँडस्केप समिती सदस्य'.

बूडाजवळ अनियन क्रीकच्या पात्रात अँटिओक नावाची गुहा आहे. ओढा तिच्यावरून गेला की ती पाणी गटागटा पिते. जिल्ह्याने तिच्या तोंडावर काँक्रीटची पेटी आणि आपोआप उघडझाप करणारी झडप बसवली आहे. पुराचं पहिलं गढूळ पाणी येतं तेव्हा झडप मिटते. ओढा निवळला की उघडते. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिथेच हसले. सोबतच्या माणसाला कारण कळेना. त्याला काय सांगणार, की माझी आजी हे पातेलं घेऊन करत होती.

तर ज्यांच्या फोनने हे लिहायला बसले, त्या दोघांबरोबर मी तो तुकडा बघायला गेले. घर खरंच छान होतं. मागे मुलांच्या झोपाळ्याखाली गोल खळगा, त्यात टाकलेली बांधकामाची राळ, आणि कोपऱ्यात पत्रा झाकलेली जुनी विहीर. बोअरचा अहवाल मिळाला. पंप पाण्याच्या पातळीखाली जेमतेम वीस फूट होता. मी त्यांना म्हटलं, जुनी विहीर बुजवायचा, राळ काढायचा आणि पंप खाली सोडायचा असे तीन खर्च लेखी घ्या, किमतीतून वजा करायला सांगा, आणि झोपाळा हलवा. विकणारा दोन खर्चांना कबूल झालाय. तिसऱ्यावर घासाघीस चालू आहे.